बॅकअपची रंगीत तालीम

घरांतील दस्तऐवजांची नक्कल जपून ठेवावी आणि प्रसंगीं ती वाचतां येऊं नये, असें झाल्यास तिचा उपयोग काय? श्रोतेहो, डेटाबेसच्या बॅकअपचेंहि तसेंच आहे. २०१७ च्या जानेवारीअखेर ‘गिटलॅब’ कंपनीचा डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हां नित्याचे बॅकअप निघतच नव्हते असें उघड झालें. सुमारें सहा तासांपूर्वींच्या दुसऱ्या एका प्रतीवर भागवावें लागलें.

म्हणून बॅकअप वेळोवेळीं उभारून पाहावा. त्यास सर्वाधिकाऱ्याची किल्ली हवीच, ही समजूत मात्र खरी नाहीं. गिटलॅबच्याच ‘पोस्टग्रेस’ डेटाबेसचें उदाहरण घ्या. ‘पीजी-डंप’नें काढलेल्या संग्रह-प्रतींत नोंदींबरोबर प्रत्येक कोष्टकाचा मालक कोण, हेंहि लिहिलेलें असतें. दुसऱ्याच्या नांवें मालकी लावण्याचा अधिकार सामान्य वापरकर्त्यास नसतो. अडतें तें येथेंच. सर्वाधिकाऱ्यानें एकदां त्या वापरकर्त्याच्या नांवें रिकामा डेटाबेस करून द्यावा. मग ‘पीजी-रिस्टोअर’ला ‘नो-ओनर’ व ‘नो-प्रिव्हिलेजेस’ हे दोन पर्याय सांगितले, कीं मालकीच्या व परवानगीच्या आज्ञा वगळल्या जातात आणि सारीं कोष्टकें उभारणाऱ्याच्या नांवावर चढतात. कांहीं जोडसाधनें तेवढीं सर्वाधिकाऱ्यानें आधीं बसवावीं लागतात.

मूळ डेटाबेसास यांत धक्काहि लागत नाहीं. तहान लागल्यावर विहीर खणण्यापेक्षां ही तालीम केव्हांहि बरी.