सांगवी ते ज्ञानपीठ, व्हाया धुळे

खानदेशात कुणी नेमाडे भेटले की पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो : ‘कोसला’वाल्यांचे कोण? भालचंद्र नेमाडे यांचा जन्म २७ मे १९३८चा, यावल तालुक्यातल्या सांगवीचा. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, मधे केळीच्या बागा. पहिल्याच कादंबरीत सरांनी नायकाचं आडनाव ठेवलं सांगवीकर! गावाला यापेक्षा मोठा मान काय हवा?

‘कोसला’ १९६३ साली पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने काढली. लेखक पंचवीस वर्षांचा आणि नायक पांडुरंगही पंचवीसचाच. अर्पणपत्रिकेत कुणी थोर पुरुष नाही. पुस्तक शंभरातल्या नव्व्याण्णव जणांना वाहिलेलं. ते वाचून पोरं ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ पेरत बोलायला लागली, ती खोड अजून गेलेली नाही.

पांडुरंग शिकायला पुण्याला जातो, होस्टेलवर मेस सेक्रेटरी होतो आणि पैशांचा पार घोळ करून बसतो. बापाच्या पैशावर शहरात शिकलेल्या खानदेशी पोराला ही पानं वाचताना हसू येतं आणि पोटात गोळाही. पण पुस्तकाचा जीव आहे तो मनीत. पांडुरंगची ही धाकटी बहीण देवीच्या आजारात जाते. त्यानंतरची पानं वाचताना हातातला चहा गार होतो. दुःखावर इतकं उघडं, इतकं चिडलेलं गद्य मराठीत फार थोडं आहे. याच कादंबरीत अजिंठाही भेटतो. जळगावकरांसाठी अजिंठा म्हणजे शाळेच्या सहलीचं ठिकाण. ‘कोसला’ वाचून पुन्हा लेणी बघा, बुद्धासमोर पाय रेंगाळतात.

पोटापाण्याचा धंदा प्राध्यापकीचा. अहमदनगर, धुळे, औरंगाबाद, पुढे लंडनचं स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीज, मग गोवा विद्यापीठ. शिकवायचं इंग्रजी, लिहायचं मराठीत आणि वकिली करायची देशीवादाची! गावोगाव नोकरी करणाऱ्या मास्तराचं हे जगणं ‘बिढार’, ‘जरीला’, ‘झूल’मधल्या चांगदेव पाटलात उतरलं. चांगदेव हे नावही आपल्याच मातीतलं. तापी-पूर्णेच्या संगमावरचं चांगदेवाचं देऊळ मुक्ताईनगर तालुक्यातच आहे.

गंमत पुरस्कारांची. एवढा मोठा कादंबरीकार, पण साहित्य अकादमी मिळाली ती ‘टीकास्वयंवर’ या समीक्षेच्या पुस्तकाला. कथा या प्रकाराला सरांनी कधी फारसा भाव दिला नाही आणि साहित्य संमेलनांवर तर कायम तोफ डागली. २०११ साली पद्मश्री आणि मग २०१४चं ज्ञानपीठ. खांडेकर, कुसुमाग्रज, विंदा आणि चौथे आमचे सांगवीचे नेमाडे. डी.लिट.सुद्धा जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची. त्या विद्यापीठाला आता आसोद्याच्या बहिणाबाईंचं नाव आहे, हे किती छान जुळून आलं!

‘झूल’ १९७९ची आणि त्यानंतरची कादंबरी ‘हिंदू’ थेट २०१०ची. मधे एकतीस वर्षं! नायक खंडेराव पुरातत्त्वाचा अभ्यासक. मोहेंजोदडोच्या उत्खननावरून तो निघतो आणि मरणाच्या दारात असलेल्या बापासाठी गाव गाठतो. सहाशेच्या आसपास पानं, त्यांत शेती, भाऊबंदकी, बायकांची दुखणी आणि आपल्याकडची बोली ठासून भरलेली. आणि हा बेत आहे चार भागांचा. त्यातला हा फक्त पहिला.