उंबऱ्यापर्यंत आलेले महायुद्ध

मराठा लाईट इन्फन्ट्री हे नाव बेळगावकरांना समजावून सांगावे लागत नाही. १९२२ पासून या पलटणीचे केंद्र आपल्या गावात आहे. पण १९२२ च्या आधीची आठ वर्षे आपल्या माणसांनी कुठे आणि कशी काढली, हे आज फार थोड्या घरांत ठाऊक असते. म्हणूनच पहिल्या महायुद्धाची ही हकीकत आज वाचकांपुढे ठेवावीशी वाटली.

ठिणगी आणि गवताची गंजी

२८ जून १९१४ रोजी साराजेव्हो शहरात गॅव्हरिलो प्रिन्सिप या १९ वर्षांच्या सर्ब तरुणाने ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनंड आणि त्याची पत्नी सोफी यांना गोळ्या घातल्या. महायुद्धाचे कारण म्हणून हे आपण शाळेत पाठ केले. पण ठिणगीने आग लागायला वाळलेली गंजी आधी रचलेली असावी लागते. ऑस्ट्रियाच्या मागे जर्मनी उभा होता, सर्बियाच्या मागे रशिया, आणि रशियाशी फ्रान्सचा करार होता. प्रत्येकाला वाटत होते, आपण दरडावले की समोरचा माघार घेईल. माघार कुणीच घेतली नाही.

मला सर्वांत विलक्षण वाटते ती १ ऑगस्टची गोष्ट. लढाई फक्त रशियाशीच करावी, असे जर्मन सम्राट कैसरच्या मनात ऐनवेळी आले. सेनापती मोल्टके म्हणाला, आता ते शक्य नाही. फौजा नेणाऱ्या आगगाड्यांचे वेळापत्रक कित्येक वर्षे खपून तयार केलेले होते आणि ते फ्रान्सच्या दिशेचे होते. ज्याच्या नावाने युद्ध पुकारायचे, त्या सम्राटालाही ते वळवता आले नाही. जर्मन फौजा बेल्जियममध्ये शिरल्या आणि ४ ऑगस्टला इंग्लंड युद्धात उतरले. त्याच दिवशी हिंदुस्थानही उतरला. फक्त त्याला कुणी विचारले नाही. व्हाइसरॉयने जाहीर केले, एवढेच.

नाताळपर्यंत सारे आटोपेल, असे पुष्कळांना वाटत होते. प्रत्यक्षात युद्ध चार वर्षांहून अधिक चालले आणि सुमारे ९० लाख सैनिक मारले गेले.

कुतचा वेढा

हिंदुस्थानातून १३ लाखांवर माणसे परदेशी गेली. आपल्या मराठा पलटणी मुख्यत्वे गेल्या मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात. जवळच्या इराणातले तेल इंग्रजांच्या आरमाराला हवे होते. नोव्हेंबर १९१४ मध्ये बसरा घेतले, तिथे थांबता आले असते. पण विजयाची चटक लागली आणि फौज बगदादच्या रोखाने पुढे गेली. रसद अपुरी, बोटी अपुऱ्या, औषधेही अपुरी. शेवटी जनरल टाउनशेंडची सहावी पूना डिव्हिजन मागे हटून कुत या गावात अडकली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या तीन मराठा पलटणी होत्या.

डिसेंबर १९१५ पासून १४७ दिवस वेढा पडला. धान्य संपत आले तेव्हा घोडे कापले गेले. पुष्कळ हिंदी शिपायांनी कित्येक आठवडे ते मांस तोंडात घातले नाही. गावी परत गेल्यावर जात काय म्हणेल, ही धास्ती उपासमारीपेक्षा मोठी होती. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार माणसे तुर्कांच्या हाती पडली. शिपायांना वाळवंटातून चालवत नेले. त्यात आणि पुढच्या कैदेत हजारो मेले. सेनापती टाउनशेंड मात्र इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिला. युद्धाचा हिशेब बहुधा असाच होतो.

मानमोडीचे साल

पण युद्ध आपल्या उंबऱ्यावर खरे आले ते १९१८ मध्ये. आमच्या आजीच्या तोंडी ‘मानमोडीचे साल’ असा शब्द असे. ती इन्फ्लुएंझाची साथ होती. सैनिकांच्या बोटींबरोबर ती जगभर फिरली, जूनमध्ये मुंबईत उतरली आणि रेल्वेने गावोगाव पोचली. सप्टेंबरनंतरची लाट भयंकर होती. त्याच वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता आणि युद्धामुळे धान्य, कापड महाग झालेले होते. हिंदुस्थानात सव्वा ते पावणेदोन कोटी माणसे दगावली असावीत, असा अंदाज आहे. म्हणजे रणांगणावरच्या सगळ्या देशांच्या सैनिकांपेक्षा जास्त! त्यांच्यापैकी बहुतेकांनी साराजेव्होचे नावही ऐकलेले नव्हते.

बदललेले जग

युद्ध संपले तेव्हा रशिया, जर्मनी, ऑस्ट्रिया आणि तुर्कस्तान या चारही ठिकाणचे सम्राट गेले होते किंवा जाण्याच्या वाटेवर होते. इंग्लंडात बायकांनी दारूगोळ्याचे कारखाने चालवले. १९१८ मध्ये तिशीवरच्या पुष्कळ बायकांना मत मिळाले. मेसोपोटेमियातील अनागोंदीचा अहवाल १९१७ मध्ये आला आणि भारतमंत्री चेंबरलेन यांना जावे लागले. त्यांच्या जागी आलेल्या माँटेग्यूंनी ऑगस्टमध्ये हिंदुस्थानला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याचे जाहीर केले. पदरात पडले मात्र १९१९ चे अर्धेमुर्धे सुधारणा कायदे, आणि त्याच वर्षी रौलट कायदा व जालियनवाला बाग. रक्त देऊन आलेल्या देशाला हे सहन होणे शक्य नव्हते.

आणखी एक गोष्ट. लष्कराने दारे बंद केलेल्या महार समाजाची १११ वी पलटण युद्धाच्या गरजेपोटी १९१७ मध्ये उभी राहिली. गरज सरताच १९२१ मध्ये ती मोडली. महार रेजिमेंट उभी राहायला दुसरे महायुद्ध यावे लागले. १९४१ मध्ये तिची पहिली पलटण उभारली गेली ती आपल्या बेळगावातच. माणसाची योग्यता तीच होती, फक्त सरकारला तिची आठवण युद्धातच होत असे.

२०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, तेव्हा आपल्याकडे सूर्यफुलाचे तेल महागले. लांबच्या युद्धाशी आपला काय संबंध, असे म्हणण्याची सोय १९१४ मध्ये नव्हती आणि आजही नाही.

इराकात बसरा येथे त्या युद्धातील ४० हजारांवर मृतांचे स्मारक आहे. ते उभारताना इंग्रज सैनिकांची नावे कोरली गेली. हिंदी शिपायांची मात्र पलटणीनुसार फक्त संख्या. ती नावे कुणाच्या तरी जुन्या ट्रंकेत, पेन्शनच्या कागदावर, एखाद्या पदकाच्या कडेवर अजून असतील. वाचकहो, घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारा आणि सापडलेले नाव वहीत लिहून ठेवा. दगडावर नाही तर निदान घरात ते राहील.