भवानी होईपर्यंत

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला. मालात खोट नव्हती, नांगर तर प्रत्येक शेतकऱ्याला लागतो. तरी पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली. लोखंडी नांगराने जमिनीत विष भिनतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती.

ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण अंधश्रद्धेवर बोट ठेवून पुढे जातात. पण जरा शेतकऱ्याच्या बांधावर उभं राहून बघावं. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार नीट करून देई, त्याचं बलुतं सुगीत धान्याने चुकतं होई. लोखंडी नांगराला पैसे रोख मोजायचे, आणि ऐन वाफशावर तो अडून बसला तर धावायचं कुणाकडे? शिवारात कुणाकडे तो चालताना पाहिलेलाही नाही. दुसऱ्या गिऱ्हाइकाला निदान पहिल्याकडे चौकशी करता येते. पहिल्याला ती सोय नसते. म्हणून त्याला माल विकणं म्हणजे त्याच्या मनातली धास्ती आपल्या अंगावर घेणं. लक्ष्मणराव आणि त्यांच्या भावाने त्याआधी बेळगावात सायकली विकल्या, तेव्हा त्या चालवायला शिकवण्याचं कामही त्यांनीच केलं होतं.

अहमदाबादचे करसनभाई पटेल सरकारी नोकरीत रसायनतज्ज्ञ होते. १९६९ मध्ये त्यांनी घरीच धुण्याची पावडर बनवली आणि कामाच्या वाटेवर सायकलवरून दारोदार विकली. ‘निर्मा’ किलोला तीन रुपयांच्या आसपास मिळे, नावाजलेली पावडर कितीतरी महाग होती. स्वस्ताईचं आकर्षण होतंच. शिवाय बनवणारा आणि विकणारा माणूस एकच, त्यामुळे फेस कमी झाला तर बोल कुणाला लावायचा हे गृहिणीला ठाऊक. जाहिराती खूप नंतर आल्या.

हल्ली उलटं दिसतं. लोगो, व्हिजिटिंग कार्ड, इन्स्टाग्रामचं पान सगळं सज्ज, फक्त भवानी बाकी! मग मावशी, आत्या आणि सोसायटीतल्या काकू पहिली ऑर्डर देतात. ती कौतुकापोटी असते, तिच्यावर फार हुरळू नये. त्याच काकूंनी महिन्याभराने न सांगता फोन केला आणि पूर्ण पैसे दिले, तर गिऱ्हाईक मिळालं म्हणावं.

मुंबईत गिरगावातल्या सात बायकांनी १५ मार्च १९५९ रोजी इमारतीच्या गच्चीवर पापड लाटले, तेही उसन्या ८० रुपयांवर. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. ती भुलेश्वरच्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडे गेली. ओळखीमुळे दुकानाचं दार उघडलं, पण पुढचं काम पापडालाच करायचं होतं. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत, त्यातला एक हलका, स्वस्तातला. पैसे देणाऱ्या छगनलाल पारेखांनी सल्ला दिला की एकच उत्तम प्रत करा आणि तिच्यात तडजोड करू नका. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि स्टोव्ह आणला: खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. मोडके पापड शेजारीपाजारी वाटले जात. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये झाली.

या पापडांना ‘लिज्जत’ हे नाव १९६२ साली एका स्पर्धेतून मिळालं, बक्षीस पाच रुपये. तोवर लोक हेच पापड तीन वर्षं विकत घेत होते.