माऊचा डाएट प्लॅन

ऑफिसमधून येताना पार्किंगमध्ये ‘म्यांव’ ऐकू आलं आणि पिल्लू थेट तुमच्या फ्लॅटवर! आता पहिली चूक टाळा : बशीभर गाईचं दूध. ते पिल्लांना नीट पचत नाही. जुलाब होतात, अंगातलं पाणी कमी होतं आणि एवढासा जीव बघता बघता दगावू शकतो.

पहिले चार आठवडे आईचं दूध, नाहीतर मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारी खास दूध पावडर. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा! पाजताना पिल्लू पालथंच हवं. उताणं धरलंत तर दूध फुप्फुसात जाऊ शकतं. चार आठवड्यांनंतर त्याच दुधात कालवलेलं मऊ किटन फूड सुरू करा, आठव्या आठवड्यापर्यंत दूध बंद. सहा महिन्यांपर्यंत दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं, मग दोनदा. वर्षाचं झालं की मोठ्या मांजराचं खाणं.

दूध-पोळीवर भागत नाही बरं का! डोळे आणि हृदयासाठी लागणारं टॉरिन मांस-मासळीतून मिळतं. पण कांदा-लसणाचा रस्सा नको, मांजराला तो विषारी.

आणि हो, किचनमधला वजनकाटा काढा. लहानग्याचं वजन रोज दहा-पंधरा ग्रॅमनी वाढतंय? मग माऊ मजेत! वाढ थांबली, तर मीटिंग राहू द्या, आधी डॉक्टर गाठा.