इमारतीचा करार कोणाच्या दप्तरात?

सहकारी गृहनिर्माण संस्थेचे सभासद होताना आदर्श उपविधींप्रमाणे प्रत्येकी ५० रुपयांचे किमान दहा भाग घ्यावे लागतात, आणि या ५०० रुपयांच्या भाग दाखल्यामुळे सदनिकेत राहणारा माणूस नुसता रहिवासी न राहता संस्थेच्या मालमत्तेचा व देण्याघेण्याचा वाटेकरी होतो. गच्चीची गळती थांबवणे, लिफ्ट बदलणे, रंगकाम, सुरक्षारक्षकांची नेमणूक यांसाठी व्यवस्थापक समिती जे करार करते, त्यांचा पैसा त्याच्याच वर्गणीतून जातो. तरीही करार पाहायला मागितला की हा समितीचा विषय आहे, असे उत्तर अनेक ठिकाणी मिळते; ते सहकाराच्या तत्त्वाला सोडून आहे.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. त्यातील कलम १५४ब-८ प्रमाणे सभासदाला अधिनियम, नियम व उपविधी, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, उत्पन्न-खर्चाचा हिशेब, सभासदांची नोंदवही, सर्वसाधारण सभेची व समितीच्या सभांची इतिवृत्ते, तसेच त्याच्या स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी संस्थेच्या कार्यालयात विनामूल्य पाहता येतात, आणि लेखी मागणी करून ठरलेली फी भरल्यास ४५ दिवसांत प्रती मिळायला हव्यात. या यादीत ‘करार’ हा शब्द नाही, आणि नेमके याच उणिवेवर नकार देणारे बोट ठेवतात.

मात्र मोठा करार इतिवृत्तात उमटल्याशिवाय राहू शकत नाही. दुरुस्तीसाठी समितीने स्वतःच्या अधिकारात एका वेळी किती खर्च करावा याची मर्यादा आदर्श उपविधींनी घातली असून, ती २५ सभासदांपर्यंतच्या संस्थेत २५ हजार, २६ ते ५० सभासद असल्यास ५० हजार आणि त्याहून मोठ्या संस्थेत एक लाख रुपये आहे. त्यापुढील खर्चास सर्वसाधारण सभेची आधी मंजुरी लागते, आणि किती रकमेपर्यंत निविदा, म्हणजे ठेकेदारांकडून मागवलेले लेखी दर, न मागवता काम द्यावे हेही सभाच ठरवते. म्हणून करार दाखवा असा मोघम अर्ज करण्यापेक्षा सभेची तारीख व ठराव नमूद करून त्या इतिवृत्ताची प्रत मागणे, त्यातून ठेकेदार, रक्कम व मुदत समजून घेणे, आणि मूळ करार पुढच्या सभेत मांडण्याची लेखी मागणी करणे हा मार्ग अधिक पक्का ठरतो. पुनर्विकासाच्या बाबतीत तर ४ जुलै २०१९ च्या शासन निर्देशांनी निविदेची सारी प्रक्रियाच सभासदांसमोर आणली आहे.

प्रती नाकारल्यास तक्रार सहकार निबंधकाकडे जाते, तर ठेकेदाराच्या नेमणुकीचा वाद सहकार न्यायालयापुढे जातो, आणि हा फरक न कळल्यामुळे अर्ज इकडून तिकडे फिरत राहतात. माहिती अधिकाराचा अर्ज थेट संस्थेकडे करून सहसा उपयोग होत नाही, कारण सहकारी संस्था केवळ कायद्याखाली नोंदली गेल्याने सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या थलप्पलम निकालात म्हटले आहे. पण निबंधक मात्र सार्वजनिक प्राधिकरण आहे आणि कायद्यानुसार त्याला संस्थेकडून जी माहिती मिळवता येते, ती त्याच्यामार्फत मागता येते.

हे सारे हक्क संस्था नोंदलेली असेल तरच हाती येतात, आणि भिवंडी तालुक्यातील वळ, पूर्णा, काल्हेर या गोदामांच्या पट्ट्यात हा प्रश्न जिवावरचा आहे. २९ एप्रिल २०२३ रोजी वळपाड्यातील इमारत कोसळून आठ जणांचा मृत्यू झाला. तिच्या खालच्या भागात गोदाम होते, वर कुटुंबे राहत होती आणि गच्चीवर मोबाइल टॉवर उभा होता. एकाच मालकाच्या इमारतीत भाड्याने राहणारा संस्थेचा सभासद नसतो, त्यामुळे गच्ची कोणाला, कोणत्या अटींवर दिली आणि तो भार इमारत पेलू शकते असे कोणा अभियंत्याने लिहून दिले आहे का, हे विचारण्याचा सभासदाचा हक्क त्याला मिळत नाही. सदनिका विकत घेणाऱ्यांची स्थिती वेगळी आहे: महाराष्ट्र मालकी सदनिका अधिनियम, १९६३ व स्थावर संपदा अधिनियम, २०१६ यांनी खरेदीदारांची संस्था स्थापण्याची जबाबदारी बिल्डरवर टाकली असून, २०१६ च्या अधिनियमाने इमारतीची आवश्यक कागदपत्रे व नकाशे संस्थेकडे सोपवणेही त्याला बंधनकारक केले आहे. तेव्हा नव्या संस्थेच्या पहिल्याच सभेत या कागदांची यादी वाचली जावी आणि जे आलेले नाहीत त्यांची नोंद इतिवृत्तात व्हावी, कारण पुढे दुरुस्तीचा कोणताही करार पारखताना सभासदांना याच नकाशांचा आधार घ्यावा लागणार आहे.