प्रोग्रामिंग भाषा कशी घडते, हे का शिकावे?

संगणकशास्त्रात एम.टेक. किंवा एम.एस. करणाऱ्या विद्यार्थ्यापुढे ऐच्छिक विषयांची यादी आली की मशीन लर्निंग आणि डेटा सायन्सचे वर्ग आधी भरतात. त्याच यादीत ‘प्रोग्रामिंग भाषांची रचना’ असाही एक विषय असतो, पण त्याच्या वाटेला फारसे कोणी जात नाही. नवी भाषा घडवण्याची वेळ आपल्यावर कधी येणार, हा प्रश्न त्यामागे असतो आणि तो रास्तही आहे. तरीही माझे मत असे, की भाषा घडवणाऱ्यांपेक्षा ती रोज वापरणाऱ्यांना या विषयाची गरज अधिक आहे. भाषेतला प्रत्येक नियम हा कोणीतरी, कधीतरी घेतलेला निर्णय असतो. त्याची किंमत पुढे कित्येक दशके इतरांनाच मोजावी लागते, आणि ती वेळीच ओळखण्याची नजर याच अभ्यासातून येते.

ही किंमत किती मोठी असू शकते ते पाहा. टोनी होअर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९६५ मध्ये अल्गॉल डब्ल्यू या भाषेसाठी ‘नल’ संदर्भाची सोय केली. एखाद्या जागी अजून काहीच नाही, हे सांगायचा तो सोपा मार्ग होता. पुढे बहुतेक लोकप्रिय भाषांनी तो उचलला आणि ‘काहीच नाही’ला ‘काहीतरी’ समजून वापरल्यामुळे असंख्य प्रोग्रॅम बंद पडले. २००९ मध्ये होअर यांनी स्वतःच या निर्णयाला अब्ज डॉलरची चूक म्हटले. जावास्क्रिप्टचा पहिला नमुना ब्रेंडन आईक यांनी १९९५ मध्ये दहा दिवसांत तयार केला. ‘नल’चा प्रकार विचारला की ही भाषा आजही ‘ऑब्जेक्ट’ असे चुकीचे उत्तर देते. चूक सर्वांना ठाऊक आहे, पण ती सुधारली तर त्यावर विसंबलेली संकेतस्थळे मोडतील. शहराची वस्ती वसल्यावर रस्त्याची आखणी बदलता येत नाही, तसेच हे आहे.

मग वर्गात नेमके काय शिकवतात? चांगल्या अभ्यासक्रमात विद्यार्थी आधी एका छोट्या भाषेचा इंटरप्रिटर स्वतः लिहितो. अलोन्झो चर्च यांनी १९३०च्या दशकात मांडलेले लॅम्डा कॅल्क्युलस शिकतो. त्यानंतर भाषेचे नियम गणिती रूपात मांडून ते दगा देणार नाहीत, हे सिद्ध करतो. जावातले एक उदाहरण घेऊ. जावात ‘स्ट्रिंग’चा, म्हणजे मजकुराच्या तुकड्यांचा अ‍ॅरे ‘ऑब्जेक्ट’चा, म्हणजे कोणत्याही वस्तूंचा अ‍ॅरे म्हणून पुढे देता येतो. घेणाऱ्याने त्यात पूर्णांक टाकला तरी कम्पायलर हरकत घेत नाही. प्रोग्रॅम चालू असताना मात्र तो तिथेच कोसळतो. नियम लिहून पाहिला की दोष कुठे आहे ते कळते: अ‍ॅरेमधून फक्त वाचायचे असेल तर ही मुभा सुरक्षित आहे, लिहायचे असेल तर नाही. सुरुवातीच्या जावात जेनेरिक्स नव्हते, ते २००४ मध्ये आले. कोणत्याही अ‍ॅरेवर चालणारे एकच फंक्शन लिहिता यावे म्हणून ही तडजोड केली गेली होती. हे समजलेला अभियंता असा दोष दुसऱ्या भाषेतही हेरतो.

‘हे सारे कागदी गणित आहे, उद्योगाला त्याचा काय उपयोग?’ हा नेहमीचा आक्षेप. त्याला रस्ट ही भाषा उत्तर देते. सी आणि सी++ मध्ये मेमरी सांभाळण्याची जबाबदारी प्रोग्रॅमरवर असते. आपल्या उत्पादनांतल्या सुरक्षेच्या त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के त्रुटी मेमरीच्या गैरवापरातून येतात, असे मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितले. २०१५ मध्ये १.० आवृत्ती निघालेल्या रस्टने प्रत्येक मूल्याला एकच मालक ठरवून दिला आणि हिशेब तपासण्याचे काम कम्पायलरवर सोपवले. या कल्पनेची मुळे झाँ-इव्ह जिरार्द यांच्या १९८७च्या रेखीय तर्कशास्त्रात आणि सायक्लोनसारख्या संशोधनासाठी घडवलेल्या भाषांत आहेत. अँड्रॉइडमध्ये नवा कोड अशा सुरक्षित भाषांत लिहायला सुरुवात झाल्यावर मेमरीशी निगडित त्रुटींचे प्रमाण २०१९ मधल्या ७६ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आले, असे गूगलची आकडेवारी सांगते.

यावर कोणी म्हणेल, की व्यवहारात परिपूर्ण नियमांपेक्षा सोय महत्त्वाची ठरते. टाइपस्क्रिप्टने २०१२ पासून नेमकी हीच वाट धरली. पूर्ण अचूक टाइप-व्यवस्था हे आपले उद्दिष्ट नाही, असे तिच्या कर्त्यांनी उघडपणे लिहून ठेवले आहे, आणि ती भाषा कमालीची यशस्वी झाली. पण कुठे नियम सैल सोडला आणि त्याने काय धोका पत्करला, हे ज्याला ठाऊक आहे तोच अशी तडजोड डोळसपणे करू शकतो. शिवाय नवी भाषा घडवण्याची वेळ येत नाही, हेही अर्धेच खरे आहे. बँकेच्या व्याजाचे नियम भरायची सोय करणारा किंवा इतरांनी वापरायची लायब्ररी लिहिणारा अभियंता छोटी भाषाच घडवत असतो. तिथे चुकलेला निर्णयही पुढच्यांच्या गळ्यात पडतो.

आता कृत्रिम बुद्धिमत्ता कोड लिहू लागली आहे, मग भाषांचा अभ्यास कशाला, हा आजचा आक्षेप. माझ्या मते यामुळे त्या अभ्यासाची निकड वाढलीच आहे. लिहिणे स्वस्त झाले की तपासणे मोलाचे होते. यंत्राने लिहिलेल्या हजारो ओळी माणूस बारकाईने वाचू शकणार नाही. त्या ओळींबद्दल कोणती हमी कम्पायलरकडून मिळते आणि कोणती मिळत नाही, हे तरी त्याला कळले पाहिजे.

म्हणून ऐच्छिक विषय निवडणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे: हा विषय टाळू नका, पण अभ्यासक्रम पारखून घ्या. दहा भाषांच्या व्याकरणाची तोंडओळख करून देणाऱ्या वर्गातून फारसे हाती लागत नाही. ज्यात इंटरप्रिटर स्वतः लिहावा लागतो आणि एक तरी सिद्धता शेवटपर्यंत न्यावी लागते, तोच वर्ग घ्या. एवढ्यात शक्य नसेल तर बेंजामिन पिअर्स यांचे टाइप-व्यवस्थांवरचे २००२चे पाठ्यपुस्तक मिळवा आणि त्यातली उदाहरणे हाताने सोडवायला घ्या.