फिजिशियन असिस्टंटचे शिक्षण : लौकिक पाहावा की तपशील?

न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी घरातील मुलगी जेव्हा आपण डॉक्टर न होता फिजिशियन असिस्टंट होणार असे सांगते, आणि पदवीनंतर साधारण सव्वादोन वर्षांचे शिक्षण, रुग्ण तपासण्याचा, निदान करण्याचा व औषध लिहून देण्याचा कायदेशीर अधिकार, आणि २०२३ च्या सरकारी आकडेवारीप्रमाणे या पेशातील निम्म्याजणांना वर्षाकाठी १ लाख ३० हजार डॉलरांहून अधिक मिळणारे वेतन, हे सारे क्रमाने समजावून देते, तेव्हा आईवडिलांचा पुढचा प्रश्न बहुधा ठरलेला असतो : विद्यापीठ नावाजलेले आहे ना?

हा प्रश्न तुच्छ लेखण्याजोगा मुळीच नाही. आपल्याकडे जी. एस., ग्रँट आणि बी. जे. या वैद्यकीय महाविद्यालयांच्या नावांना जो मान प्राप्त झाला, तो त्यांच्या इमारतींमुळे नव्हे, के. ई. एम., जे. जे. आणि ससून या रुग्णालयांच्या वॉर्डांतून हरतऱ्हेचा रोगी पाहिल्यावाचून त्या महाविद्यालयांतून कोणी बाहेर पडत नसे, आणि म्हणूनच ते नाव उच्चारले की त्यामागे अनुभवाची हमी आपोआप उभी राहत असे. नाव आणि रुग्णालय यांची ही सांगड आपल्या मनात इतकी पक्की बसली आहे की परदेशातही ती तशीच असणार, असे आपण गृहीत धरून चालतो. अमेरिकेत या अभ्यासक्रमांच्या बाबतीत ती कोठे आहे, कोठे नाही. आणि म्हणून नावाची किंमत देण्यापूर्वी त्यामागे काय आहे याची खातरजमा करणे प्राप्त होते.

या व्यवसायाचा जन्मच मुळी लौकिकाच्या पोटी झालेला नाही. १९६५ साली नॉर्थ कॅरोलिनातील ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी पहिला वर्ग सुरू केला तेव्हा त्यांनी घेतलेले चार विद्यार्थी नौदलातून निवृत्त झालेले वैद्यकीय सहायक होते, आणि त्यांपैकी तिघे १९६७ साली उत्तीर्ण होऊन बाहेर पडले. स्टेड यांच्या डोळ्यांपुढे जे उदाहरण होते तेही कोणा पदवीधराचे नव्हते. त्याच राज्यातील गारलंड नावाच्या खेड्यात डॉ. एमॉस जॉन्सन यांच्या दवाखान्यात बडी ट्रेडवेल नावाचा एक सहायक, केवळ डॉक्टरांच्या हाताखाली शिकून, रोग्यांचे पुष्कळसे काम समर्थपणे सांभाळीत असे. पुढे १९६८ मध्ये या विषयाचा पहिला पदवी अभ्यासक्रम निघाला तो हार्वर्डला नव्हे, तर वेस्ट व्हर्जिनियातील फिलिपी या लहानशा गावच्या ॲल्डरसन-ब्रॉडस कॉलेजात. कष्टाने कमावलेला अनुभव हेच ज्या पेशाचे मूळ भांडवल, त्याची प्रतिष्ठा विद्यापीठाच्या वयावरून मोजणे हा त्या पेशावर अन्याय आहे, असे मला मनापासून वाटते.

मग क्रमवारीचे काय, असे कोणी विचारील. यू. एस. न्यूज ही माध्यमसंस्था या अभ्यासक्रमांची जी क्रमवारी प्रसिद्ध करते आणि जी घरोघरी प्रमाण मानली जाते, ती अन्य अभ्यासक्रमांच्या प्रमुखांनी व अध्यापकांनी दिलेल्या गुणांवरच सर्वस्वी आधारलेली असते. विद्यार्थी किती उत्तीर्ण झाले, किती मध्येच गळाले, फी किती, रुग्णालयातील शिक्षण कसे, यांपैकी कशाचाही हिशेब तीत धरला जात नाही. ती लौकिकाची मोजदाद आहे. लौकिक सार्थ आहे की नाही, याचा निवाडा ती करीत नाही.

वस्तुतः सनद मिळते ती सर्वांना एकाच दारातून. ‘आर्क-पीए’ ही संस्था अभ्यासक्रमांना मान्यता देते. मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पुरा करणाऱ्यालाच ‘पॅन्स’ या राष्ट्रीय परीक्षेस बसता येते. आणि तीनशे प्रश्नांची ती परीक्षा उत्तीर्ण झाल्यावाचून कोणतेही राज्य नवागताला परवाना देत नाही. येलचा विद्यार्थी आणि एखाद्या अपरिचित कॉलेजचा विद्यार्थी यांच्यापुढे येणारी परीक्षा एकच आणि उत्तीर्ण होण्यास लागणारे गुणही तेच. खुद्द येलच्या नावाखाली आज दोन अभ्यासक्रम चालतात, एक न्यू हेवनमध्ये प्रत्यक्ष वर्गात आणि दुसरा २०१८ पासून बव्हंशी ऑनलाइन. दोहोंचे निकाल स्वतंत्रपणे प्रसिद्ध होतात, ही गोष्ट केवळ नावावर विसंबणाऱ्याने विशेष ध्यानात घ्यावी.

हे निकाल पाहण्यासाठी कोणाची मिनतवारी करावी लागत नाही, कारण प्रत्येक अभ्यासक्रमाने ते आपल्या संकेतस्थळावर मांडलेच पाहिजेत, असा मान्यतेचा दंडक आहे. एका तक्त्यात गेल्या पाच वर्षांच्या तुकड्या, प्रथमच परीक्षेस बसलेल्यांची संख्या, त्यांतील उत्तीर्णांचे शेकडा प्रमाण आणि शेजारी साऱ्या देशाचे प्रमाण असते. प्रथमच बसणाऱ्यांचे हे राष्ट्रीय प्रमाण अलीकडे नव्वदीच्या पलीकडे आहे, आणि ज्या अभ्यासक्रमाचे प्रमाण ८५ टक्क्यांवर येते वा त्याखाली जाते त्याला मान्यता देणाऱ्या संस्थेपुढे त्याची कारणमीमांसा सादर करावी लागते. परंतु नेमके येथे पुष्कळ वाचक थांबतात, आणि थांबू नये. दुसरा एक तक्ता असतो, प्रवेश किती झाले, पदवी कितीजणांना मिळाली आणि गळती किती झाली याचा. पन्नास विद्यार्थी घेऊन चाळिसांनाच शेवटापर्यंत नेणाऱ्या अभ्यासक्रमाचा शंभर टक्के निकाल आणि पन्नासच्या पन्नास जणांना सांभाळून नेणाऱ्याचा शहाण्णव टक्के निकाल यांत थोर कोणता, हे पहिला तक्ता सांगू शकत नाही. जे दहा गळाले त्यांच्या डोक्यावर कर्ज राहिले आणि हाती पदवी नाही. त्यांची नोंद या दुसऱ्या तक्त्याच्या एका रकान्यातच काय ती उरते.

यापेक्षाही महत्त्वाची बाब म्हणजे दुसऱ्या वर्षाचे रुग्णालयीन शिक्षण. कुटुंबवैद्यक, अंतर्गत वैद्यक, शस्त्रक्रिया, बालरोग, स्त्रीरोग व प्रसूती, मानसोपचार आणि अपघात विभाग, या सर्व ठिकाणी विद्यार्थ्याला आळीपाळीने काही आठवडे काढावे लागतात, आणि या जागा व तेथे शिकविणारे डॉक्टर विद्यार्थ्यानेच शोधून आणावेत अशी सक्ती करण्यास मान्यतेच्या नियमांनी मज्जाव केला आहे. मुलाखतीच्या वेळी उमेदवाराने निःसंकोचपणे विचारावे : या जागांचे करार लेखी आहेत काय, किती दूर जावे लागते, ऐनवेळी एखादी जागा रद्द झाली तर तजवीज कोणती? याची उत्तरे तत्काळ व तपशीलवार मिळाली, तर ते विद्यापीठ कोणाच्या ऐकिवात नसले तरी बिघडत नाही. आणि ती मिळाली नाहीत, तर कितीही मातब्बर नाव असले तरी सावध व्हावे.

येथेच लौकिकाच्या बाजूनेही बोलले पाहिजे. ज्या विद्यापीठाचे स्वतःचे मोठे रुग्णालय आहे त्याच्या विद्यार्थ्याला दुर्मीळ रोग, विशेषज्ञ अध्यापक आणि पुष्कळदा पहिली नोकरीही त्याच आवारात मिळण्याचा संभव असतो, आणि ज्याला पुढे अध्यापनात वा संशोधनात जावयाचे आहे त्याला नावाचा उपयोग होतो. संस्थेची आर्थिक बळकटी हीसुद्धा लौकिकाची एक बाजू आहे व ती दुर्लक्षून चालणार नाही. या व्यवसायाच्या इतिहासात मानाचे पान ज्या ॲल्डरसन-ब्रॉडसला मिळाले ती संस्था आर्थिक विवंचनेपायी २०२३ मध्ये बंद पडली. नामांकित नसलेली संस्था निवडताना तिची शिल्लक व देणी यांची चौकशी करणे हा संशयखोरपणा नव्हे.

राहता राहिले पैसे. ‘ग्रॅड प्लस’ हे शिक्षणाचा सारा खर्च भागवू शकणारे सरकारी कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना बंद करण्याचा कायदा २०२५ मध्ये झाला आहे, आणि त्यामुळे महाग अभ्यासक्रमातील तूट खाजगी बँकांकडून, बहुधा चढ्या व्याजाने आणि पालकांच्या जामिनावर, भरून काढण्याची पाळी पुष्कळांवर येणार. नोकरी देणारे रुग्णालय परवाना, प्रशिक्षणाचा अनुभव आणि शिफारस पाहते. तीस-चाळीस हजार डॉलर अधिक मोजून मिळविलेल्या नावासाठी पगार तेवढ्या मानाने वाढवून देत नाही. मान्यता निर्वेध असेल, निकाल व गळती तुल्य असेल आणि रुग्णालयांचे करार पक्के असतील, तर दोन अभ्यासक्रमांपैकी कमी खर्चाचा घ्यावा, असा माझा स्पष्ट अभिप्राय आहे.

प्रवेश मिळाल्यावर जागा राखण्यासाठी जी अनामत भरावी लागते ती सहसा परत मिळत नाही आणि तिची मुदतही थोडकी असते. म्हणून पालकांना विनंती अशी की, ती भरण्यापूर्वी एका संध्याकाळी मुलीसह बसून निकालाचा आणि गळतीचा असे दोन्ही तक्ते शेजारी ठेवून वाचावेत, मान्यतेची सद्यःस्थिती आर्क-पीएच्या संकेतस्थळावर पडताळावी, आणि दुसऱ्या वर्षात असलेल्या एखाद्या विद्यार्थ्याला फोन करून रुग्णालयातील त्याचे दिवस कसे जातात ते विचारावे.